पॅशन ऑफ द क्राइस्ट की सायलेन्स, आधी कुठला बघायचा?

दोन्हीत ख्रिस्ती श्रद्धा आहे, दोन्हीत यातना आहेत, पण दोघांचा प्रश्नच वेगळाय. मेल गिब्सनचा पॅशन (२००४) येशूच्या शेवटच्या बारा तासांचा, तोही अरामी, हिब्रू आणि लॅटिनमधे. फटके मारायचा सीन एवढा लांबवलाय की मधेच मान फिरवावी लागते. इथे वेदनेला अर्थ आहे हे आधीच ठरलंय, तो माणसांच्या पापांसाठी सोसतोय, बस. श्रद्धा असेल तर पिक्चर आतून हलवतो, नसेल तर थोड्या वेळाने नुसतं रक्तच दिसत राहतं (मला तरी).

स्कॉर्सेसीचा सायलेन्स (२०१६) मात्र डोक्यातून जात नाही. १७व्या शतकातलं जपान, ख्रिस्ती धर्मावर बंदी, आणि पोर्तुगालहून लपतछपत आलेला पाद्री रॉड्रिग्ज. गंमत म्हणजे त्याला स्वतःला फारसा हातच लावत नाहीत, त्याच्यासमोर गरीब गावकऱ्यांना खड्ड्यावर उलटं टांगतात आणि म्हणतात, येशूच्या चित्रावर पाय ठेव मग यांना सोडतो. आता काय करायचं? स्वतः मरणं सोपं होतं की! आणि देव गप्प. पार्श्वसंगीतही जवळपास नाहीच, किडे, वारा, समुद्र एवढंच. त्यात तो पाद्र्याचा जपानी वाटाड्या किचिजिरो, दरवेळी फितूर होतो आणि परत माफी मागायला हजर, राग येतो त्याचा पण सगळ्यात खरा माणूस तोच वाटतो.

पॅशन दोन तासांचा, सायलेन्स पावणेतीनच्या आसपास आणि संथ. तरी माझं मत सायलेन्सलाच, फक्त झोप येत असताना लावू नका.