नर्सरीसाठी घेतलेला सीएनजी छोटा हत्ती : वर्षभर वापरल्यानंतर

आमची नर्सरी उरुळी कांचनला आणि गिऱ्हाईक बहुतेक कोथरूड, बाणेर, वाकडच्या सोसायट्यांत. भाड्याच्या गाड्यांची वाट बघून कंटाळलो आणि गेल्या पावसाळ्याआधी स्वतःचा सीएनजी छोटा हत्ती घेतला. कंपनी मुद्दाम लिहीत नाही. २००५ मध्ये टाटा एस आली तेव्हापासून या मापाची मालवाहू गाडी कोणाचीही असो, लोक छोटा हत्तीच म्हणतात, आणि माझा अनुभवही बहुतेक सगळ्यांना लागू पडेल.

गाडी पसंत आहे, हे आधीच सांगते. पेठेतल्या बोळात वळते, सोसायटीच्या रॅम्पवर चढते, गॅसचा खर्च परवडतो. केबिन उन्हाळ्यात तापते, सीट साधीच. त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही.

खरा मुद्दा वजनाचा. विकणारा म्हणाला, "ताई, टन-सव्वा टन आरामात ओढते." ओढते हो, प्रश्न थांबण्याचा आहे. आरसीवर दोन आकडे असतात : मोकळ्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन. त्यांची वजाबाकी करायची आणि त्यातून ड्रायव्हर आणि हेल्पर यांचं वजनही काढायचं. सीएनजीच्या टाक्या जड असल्यामुळे मोकळ्या गाडीचंच वजन वाढलेलं असतं. आमच्या हिशेबात झाडांसाठी साडेपाचशे किलो उरतात.

आता नर्सरीवाल्यांची खास गोम. १४ इंची पिशवीतलं झाड कोरडं असताना १५-१६ किलो भरतं, पाणी दिल्यावर १९-२० किलो. म्हणजे त्याच ३५ पिशव्या कोरड्या ५६० किलो आणि ओल्या ७०० किलो. झाडं तीच, गाडी तीच, फरक एका नळीचा. म्हणून माल जायच्या दिवशी सकाळी पाणी द्यायचं नाही, आदल्या दिवशी दुपारीच द्यायचं, असा नियम केलाय. काट्यावर नमुन्याच्या चार पिशव्या ठेवून बघते, मगच किती भरायच्या ते ठरतं. जादा भार पकडला गेला तर दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये. आमच्या धंद्यात एका खेपेला एवढं सुटतच नाही.

भरायची पद्धतही महत्त्वाची. जड कुंड्या केबिनच्या पाठीला चिकटून, खाली. मागच्या फाळक्याकडे (हौद्याच्या उघडणाऱ्या झडपेकडे) सगळं वजन गेलं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात पोकळ लागतं. उंच आरेका पाम उभे नेले तर हायवेवर वारा गाडी ढकलतो, म्हणून ते आडवे टेकवून वर हिरवी शेडनेट बांधतो. ताडपत्री नको, ती फुगते.

उताराबद्दल थोडं सविस्तर. खेड शिवापूरकडच्या फार्महाऊसना झाडं पोचवून येताना आम्ही शेणखताची पोती भरून आणतो. कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत लांबच लांब उतार आहे, आणि तिथले अपघात पुणेकरांना सांगायला नकोत. आधीच्या ड्रायव्हरकाकांची सवय गाडी न्यूट्रल करून सोडायची, गॅस वाचतो म्हणून. मिस्त्रीने त्यांना माझ्यासमोर समजावलं : ब्रेकला मदत करणारा बूस्टर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन बंद पडलं तर दोन-तीनदा पाय दाबला की मदत संपते, पेडल दगडासारखं होतं. इंजिन चालू ठेवून न्यूट्रल केली तरी सगळा भार ब्रेकवरच येतो, ब्रेकचे लायनर तापतात आणि ऐन वेळी पकड सुटते. उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर, आणि ब्रेक सतत घासत न ठेवता अधूनमधून ठाम दाबायचा. काकांनी ऐकलं, पण "तुम्ही म्हणता म्हणून" असं म्हणत. चालेल.

पावसात पाणी तुंबलेल्या रस्त्यातून गेल्यावर मागचे ड्रम ब्रेक ओले राहतात. हळू चालवत दोन-तीनदा हलका ब्रेक दाबला की सुकतात. पुढे रिक्षा असेल तर ही गोष्ट आठवणं फार उपयोगाचं.

सीएनजीची भीती अनेकांना वाटते. शिस्त पाळली तर भिण्यासारखं काही नाही. भरताना टाकीत २०० बारचा दाब असतो, तेव्हा सगळ्यांनी खाली उतरायचं, हेल्परनेही, पाऊस असला तरी. टाकीच्या पट्टीवर तपासणीची तारीख असते आणि दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने टाकीची तपासणी, लागते. वास आला तर वायरिंगशी खेळू नये, व्हॉल्व्ह बंद करून माणसं लांब. गॅस हवेपेक्षा हलका, छताखाली साठतो, म्हणून रात्री गाडी बंद शेडमध्ये ठेवत नाही. हौद्यावर झाडांसाठी लोखंडी सांगाडा करायचा होता, तर फॅब्रिकेशनवाला जागेवरच वेल्डिंग करतो म्हणाला. हौद्याखाली गॅसच्या टाक्या असताना? सांगाडा बाहेर बनवून नटबोल्टने बसवून घेतला.

सर्व्हिसिंगचं वेळापत्रक कंपनीच्या पुस्तकात असतं, ते पाळावं. सोलापूर रोडच्या धुळीत एअर फिल्टर मात्र पुस्तकापेक्षा लवकर भरतो, तो मी दर महिन्याला उघडून बघायला लावते. स्प्रिंगच्या पाट्यांचे यू-बोल्ट आणि ग्रीस भरायचे निपल लोक विसरतात. हवा सकाळी टायर थंड असतानाच, मागच्या आणि पुढच्या चाकांचे आकडे दारावरच्या स्टिकरप्रमाणे. चाक बदललं की नट आलटून-पालटून समोरासमोरचे आवळायचे आणि ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावायचा. जॅक लावताना माल उतरवलेला, जमीन कडक, तिरक्या बाजूच्या चाकाला दोन्हीकडून लाकडी ठोकळे. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणी डोकं घातलं तर मी ओरडते. पोरं हसतात. हसू देत.

कारच्या लायसन्सवर चालते का, हे बरेच जण विचारतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला की ७,५०० किलोपेक्षा कमी वजनाचं मालवाहू वाहन एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाच्या, लायसन्सवर चालवता येतं. त्यामुळे आता गरज पडली तर मीही चालवते. गाडीची आरटीओकडची फिटनेस तपासणी मात्र आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी करावीच लागते.

दुसरी गाडी घेतलीच तर तिन्ही बाजूंनी फाळका उघडणारा हौदा घेईन. अरुंद गल्लीत मागून एकेक कुंडी ओढण्यात पोरांची कंबर मोडते, आणि तेवढा वेळ गाडी रस्त्यात उभी राहते ती वेगळीच.