निवृत्तीच्या घरातील अपग्रेड : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

बांधकाम चालू असलेले घर निवृत्तीनंतर राहण्यासाठी घ्यायचे ठरले, तेव्हा बिल्डरने दिलेली अपग्रेडची यादी एखाद्या पुस्तिकेएवढी जाड होती, आणि तिच्या पहिल्या काही पानांवर अर्थातच दिसायला देखणे असे सर्व काही होते : महागडा ओटा, झुंबरासाठी सजवलेले छत, सोनेरी झाक असलेले नळ. यादीतील प्रत्येक ओळीला आम्ही एकच प्रश्न विचारत गेलो. हेच काम राहायला गेल्यानंतर करायचे झाले, तर काय फोडावे लागेल? उत्तरात भिंत, फरशी किंवा दाराची चौकट आली, तर ते काम आताच करून घ्यायचे. नुसते चार स्क्रू काढून भागत असेल, तर ते बिल्डरकडून घ्यायचे नाही. त्यानुसार निवडलेल्या गोष्टी रोजच्या वापरात कशा ठरल्या, ते येथे लिहितो. मधल्या काळात पत्नीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि काही आठवडे तिला वॉकर घेऊन वावरावे लागले. त्यामुळे ज्या सोयी आम्ही पुढच्या वयासाठी म्हणून केल्या होत्या, त्यांची परीक्षा बरीच लवकर झाली.

सर्वांत जास्त विचार आणि सर्वांत जास्त पैसा बाथरूमवर खर्च केला आणि तो योग्यच होता असे आज म्हणता येते. अंघोळीच्या जागेभोवती कठडा किंवा पायरी नको, सगळी फरशी एका पातळीत हवी, ही आमची मुख्य मागणी होती. ऐकायला ती साधी वाटते, परंतु त्यासाठी त्या भागातील स्लॅब आधीच खाली घ्यावा लागतो, कारण पाणी वाहून जाण्यासाठी मीटरमागे साधारण दोन सेंटीमीटर उतार लागतो आणि तो उतार, वॉटरप्रूफिंगचा थर व टाइल एवढे सगळे त्या खाली घेतलेल्या जागेत बसवावे लागते. मध्यभागी चौकोनी जाळी ठेवली, तर फरशीला चारही बाजूंनी उतार द्यावा लागतो, टाइल तिरक्या कापाव्या लागतात आणि पाय सपाट टेकत नाही. आम्ही भिंतीलगत लांबट जाळी घेतली. त्यामुळे उतार एकाच दिशेने राहिला आणि अंघोळीसाठी ठेवलेले स्टूल डगमगत नाही. वॉकरची चाके दारापासून नळाखालपर्यंत कुठेही न अडता गेली, तेव्हा या खर्चाबद्दल घरात उरलेली थोडीशी कुरकुरही थांबली.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही सांगायला हवी. कठडा नसल्यामुळे पाणी काचेच्या पलीकडेही थोडे पसरते आणि कमोडजवळची जमीन बराच वेळ ओलसर राहते. अंघोळीनंतर वायपर फिरवणे हा रोजचा नेम झाला आहे. म्हणूनच वॉटरप्रूफिंग फक्त अंघोळीच्या कोपऱ्यापुरते न करता संपूर्ण बाथरूमच्या जमिनीला करून घेणे आवश्यक आहे. टाइलच्या बाबतीत दुकानातील कोरड्या नमुन्यावर बोट फिरवून काहीच कळत नाही. पेंडुलम नावाच्या घसरणचाचणीत ओल्या पृष्ठभागाचे मूल्य 36 किंवा त्याहून अधिक आले, तर घसरण्याचा धोका कमी मानला जातो. हा आकडा विक्रेत्याकडे मागावा. तो नसल्यास नमुन्याची टाइल घरी आणून तिच्यावर साबणाचे पाणी ओतावे आणि कशाचा तरी भक्कम आधार घेऊन तिच्यावर अनवाणी पाय ठेवून पाहावा. आमची टाइल या कसोटीला उतरली, मात्र तिच्या खरखरीतपणात साबणाचा थर अडकतो आणि घासणीला जोर लावावा लागतो. घसरून खुब्याचे हाड मोडण्यापेक्षा ते परवडले.

आधारदांड्यांचा, म्हणजे ग्रॅब बारचा, विचार करताना बहुतेक लोक दांडीकडे पाहतात आणि तिच्यामागील भिंतीकडे दुर्लक्ष करतात. भरीव विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत योग्य अँकर, म्हणजे भिंतीत रुतून बसणारा बोल्ट, चांगली पकड घेतो, परंतु पोकळ ब्लॉकच्या किंवा बोर्डच्या भिंतीत साधा स्क्रू माणसाचे वजन पेलत नाही. दांडीने साधारण 113 किलोचा भार सहन करावा, असे अमेरिकेतील सुलभतेचे मानक सांगते. बोर्डच्या भिंतीसाठी आम्ही आतल्या बाजूने 18 मिलिमीटर जाडीचे जलरोधक प्लायवूड सलग पट्टीने लावून घेतले आणि दांड्या मात्र राहायला आल्यानंतर बसवल्या. हा क्रम फार उपयोगी पडला. नकाशावर दांडी जिथे दाखवलेली होती, तिथे हात आपसूक जात नाही. उठताना, वळताना आणि टॉवेल घेताना तो कुठे जातो, हे काही दिवस राहिल्यावरच कळते. आडव्या दांड्या जमिनीपासून 84 ते 91 सेंटीमीटरच्या दरम्यान बसवल्या. शस्त्रक्रियेनंतर अंघोळीच्या जागेत शिरतानाच्या कोपऱ्यावर एक उभी दांडी वाढवली आणि आज सर्वांत जास्त वापर तिचाच होतो. टॉवेलची नळी ही आधाराची दांडी नव्हे, हे पाहुण्यांनाही सांगून ठेवावे लागते.

कमोड उंच असला की म्हाताऱ्या माणसाला बरा, असे सरसकट सांगितले जाते. बैठकीची 43 ते 48 सेंटीमीटर उंची सोयीची मानली जाते हे खरे, पण ठेंगण्या व्यक्तीचे पाय त्यावर अधांतरी राहतात. बसल्यावर गुडघ्याच्या मागच्या खाचेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजून उंची ठरवावी. भिंतीत बसणारा कमोड घेतला, तर ही उंची हवी तशी ठेवता येते, फक्त त्याची लोखंडी चौकट भिंत बंद होण्यापूर्वी बसवावी लागते.

गरम पाण्यासाठी थर्मोस्टॅटिक मिक्सर, म्हणजे पाणी ठरवलेल्या तापमानावर ठेवणारा नळ, घेतला. गिझरच्या टाकीत जंतू वाढू नयेत म्हणून पाणी 60 अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवण्याची शिफारस असते, परंतु त्या तापमानाच्या पाण्याने काही सेकंदांत त्वचा गंभीर भाजू शकते, तर 49 अंशांना त्याच भाजण्यासाठी मिनिटे लागतात. वयानुसार त्वचा पातळ होते आणि हात मागे घेण्याचा वेगही मंदावतो, हे लक्षात घेता हा मिक्सर चैनीची वस्तू ठरत नाही. दुसऱ्या कुणी स्वयंपाकघरात नळ सोडला, तरी अंघोळीचे पाणी एकदम चटका देत नाही, हा रोजचा फायदा तरुण पाहुण्यांच्याही लक्षात येतो.

दरवाजांच्या रुंदीबाबत बिल्डरशी बरीच घासाघीस झाली. चाकाची खुर्ची जाण्यासाठी किमान 81 ते 82 सेंटीमीटर मोकळी वाट लागते, आणि मोकळी वाट म्हणजे दाराची रुंदी नव्हे. उघड्या दाराची जाडी आणि बिजागऱ्या मिळून चार-पाच सेंटीमीटर खातात. म्हणून सर्व दारे 90 सेंटीमीटरची घेतली. बाथरूमचे दार आत उघडणारे ठेवू नये, हा आमचा आग्रह होता, कारण आतील व्यक्ती पडून दाराला टेकली, तर बाहेरच्याला ते उघडता येत नाही. आम्ही सरकते दार घेतले. त्याने ती अडचण मिटली, पण आवाज आणि वास अडवण्यात ते साध्या दाराच्या मागे आहे आणि त्याची कडी बोटांना नाजूक वाटते. पुन्हा संधी मिळाली, तर बाहेर उघडणारे साधे दार घेण्याकडे माझा कल राहील. पत्नीचे मत वेगळे आहे. गोल मुठींच्या जागी दांडीची हँडले मात्र दोघांनाही निर्विवाद आवडली, कारण दोन्ही हातांत सामान असताना ती कोपराने दाबता येतात.

घरात शिरताना 15 सेंटीमीटरची एक पायरी नकाशात होती. एकास बारा या प्रमाणात रॅम्प केला असता, तर 1.8 मीटर लांबी आणि दोन्ही बाजूंना कठडे करावे लागले असते. त्याऐवजी अंगणाची मातीच अशी भरून घेतली, की एकास वीस या सौम्य उताराची तीन मीटरची साधी वाट तयार झाली. तिला कुणी रॅम्प म्हणत नाही आणि घराला रुग्णालयाची कळाही येत नाही. जमिनीचे सपाटीकरण बिल्डरच्या यंत्रांनी चालूच होते, त्यामुळे हे काम आश्चर्य वाटावे इतक्या कमी खर्चात झाले.

प्रकाशाकडे आम्ही सुरुवातीपासून लक्ष दिले. डोळ्यातील भिंग पिवळसर होत जाते आणि बाहुली आकसते. त्यामुळे साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत ढोबळमानाने एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो. याचा अर्थ छताला एकच झगझगीत दिवा लावावा असा नाही, कारण वयाबरोबर चकाकीचा त्रासही वाढतो. वरच्या कपाटांखाली दिव्यांची पट्टी, पलंगापासून आणि दारापासून अशा दोन्हीकडून चालणारी बटणे आणि पलंग ते बाथरूम या वाटेवर पावलांच्या उंचीवर मंद दिवे, अशी रचना केली. हालचालीने लागणारे हे मंद दिवे रात्री फार उपयोगी पडतात, परंतु बाथरूममधील सेन्सरने सुरुवातीला वैताग आणला. माणूस शांत बसला की तो दिवा बंद करी आणि अंधारात हात हलवत बसावे लागे. विलंबाची वेळ वाढवल्यावर ही तक्रार संपली. सॉकेट जमिनीपासून 45 सेंटीमीटर वर घेतले आहेत आणि वाकावे लागत नाही, एवढेच त्याबद्दल सांगण्यासारखे आहे. भविष्यात नव्या वायर ओढता याव्यात म्हणून भिंतींतून काही रिकामे पाइप टाकून घेतले, ते सर्वांत स्वस्त अपग्रेड असावे.

स्वयंपाकघरात ओट्याखाली दारांच्या कपाटांऐवजी पूर्ण बाहेर येणाऱ्या ट्रॉल्या घेतल्या. गुडघे टेकून मागच्या कोपऱ्यातले भांडे शोधणे आता बंद झाले. इंडक्शनच्या शेगडीसाठी स्वतंत्र जाड वायर आधीच ओढून घेतली. ज्योत नाही आणि भांडे उचलले की शेगडी आपोआप तापायची थांबते, हे गुण मोठे आहेत. मात्र ओल्या बोटांना तिची स्पर्शाची बटणे दाद देत नाहीत. शक्य असेल तर फिरवायच्या बटणांचे मॉडेल घ्यावे. पेसमेकर असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच निर्णय करावा.

दुहेरी काचेच्या खिडक्या आणि छताचे उष्णतारोधन या दोन्ही गोष्टी पाहुण्यांना दिसत नाहीत, पण खोल्यांचे तापमान टिकते, बाहेरचा गोंगाट कमी होतो आणि मर्यादित उत्पन्नातून दरमहा भरायचे वीजबिलही आटोक्यात राहते. दार असलेला अंघोळीचा टब आम्ही नाकारला. त्यात आधी बसून पाणी भरेपर्यंत आणि नंतर ते पूर्ण निघून जाईपर्यंत गारठत थांबावे लागते. आवाजाने चालणारी कुलपे, आरशासारख्या चकाकणाऱ्या टाइल आणि ओट्याचा महागडा दगडही घेतला नाही, आणि यांपैकी कशाचीही उणीव आजवर भासलेली नाही.

जे अपग्रेड घ्याल, ते मापांसह करारात लिहून घ्यावे; "रुंद दार" असे मोघम न लिहिता मोकळ्या वाटेचे सेंटीमीटर लिहावेत. भिंती बंद होण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे फोटो मोजपट्टी धरून काढावेत. ती उभी दांडी बसवायला आलेल्या कारागिराला आम्ही असाच एक फोटो दाखवला, आणि त्याने भिंत न ठोकता, पाण्याची नळी चुकवून, पहिलेच भोक थेट प्लायवूडमध्ये पाडले.