आरसी बुक हरवलंय आणि गाडी विकताय? आधी हे वाचा

गाडीचा सौदा २,३५,००० ला ठरला होता. हातात आले ६०,०००. त्यातलेही ८,५०० 'डुप्लिकेट आरसीचा खर्च' म्हणून गाडी घ्यायला आलेल्या एजंटनेच परत घेतले. उरलेले १,७५,००० बुडाले, गाडी गेली, दोन्ही किल्ल्या गेल्या आणि कागदोपत्री मालक अजून मीच!

घर बदलताना आरसी गहाळ झाली, हे मी फोनवरच सांगितलं होतं. लपवाछपवी नाही. खरं गिऱ्हाईक अशा वेळी मागे सरतं, निदान भाव तरी पाडतं. हा पठ्ठ्या खूश! "टेन्शन नाही दादा, आरटीओत आपला माणूस आहे." एक रुपया कमी केला नाही, बॉनेट उघडलं नाही, किलोमीटर विचारले नाहीत. तिथेच ओळखायला हवं होतं, तिथेच! थेट पिशवीतून फॉर्म निघाले: २६ डुप्लिकेट आरसीचा, २९ आणि ३० मालकी बदलाचे. सहीच्या जागी पेन्सिलीने फुल्या मारलेल्या. खरेदीदाराचं नाव कोरं, तारीख कोरी. "ते भरतो नंतर." मी सह्या केल्या. 'कोऱ्या फॉर्मवर सही केलीसच कशी' म्हणत मला अक्कल शिकवणाऱ्यांनो, एजंटच्या कोऱ्या फॉर्मवर सही न करता गाडी विकलेले तुमच्यात किती आहेत?

डुप्लिकेट आरसी आधी स्वतः काढा. हरवल्याची तक्रार आणि फॉर्म २६. कर्ज चालू असेल तर बँकेची सही. एजंट लागत नाही.

पोलीस म्हणतात, तुम्ही आपल्या हाताने गाडी दिलीत, हा दिवाणी मामला. आरटीओच्या खिडकीवर ऐकवलं, मालक तुम्हीच दिसताय, मग तक्रार कसली? साहेब जेवायला गेलेत. साहेब मीटिंगमध्ये. साहेबांची बदली झाली. अर्जाची पोच मागितली तर म्हणे टपालात टाका! नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, अपघाताची भरपाईही त्याच्याच डोक्यावर, हे सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्येच सांगितलंय. उद्या त्या भामट्याने कुणाला उडवलं तर कोर्टात उभा मी राहणार, यांना काय त्याचं?

डीलर म्हणवत असेल तर अधिकृततेचं प्रमाणपत्र मागा, १ एप्रिल २०२३ पासून तसा नियम आहे. ताबा देताना फॉर्म २९सी, म्हणजे गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची आरटीओला सूचना, भरून घ्या. आणि फास्टॅग त्याच दिवशी बंद करा. हा माझ्या पैशाने टोल भरत फिरला.

परवा चलन आलं. सीटबेल्ट नाही, १,००० रुपये. फोटोत चेहरा धूसर, नंबर मात्र ठळक, खाली ठिकाण छापलेलं. तेच घेऊन पोलिसांकडे गेलो, म्हटलं गाडी इथे फिरतेय, धरा. म्हणाले, आधी दंड भरा.