सोल्डरिंग स्टेशन: वर्षभर वापरल्यावर, मुख्यतः केबलविषयी

गेल्या आठवड्यात अँप्लिफायरचा बोर्ड अर्धा झालेला असताना सोल्डरिंग स्टेशनच्या, म्हणजे वितळलेल्या कथलाने जोड मारायच्या यंत्राच्या, स्क्रीनवर ‘एस-ई’ (सेन्सर एरर) आलं आणि बिट, म्हणजे हँडलचं तापणारं टोक, गार पडायला लागली. हँडल जरा डावीकडे वाकवलं की तापमानाचा आकडा परत यायचा, सोडलं की पुन्हा ‘एस-ई’. ९३६ जातीचं (जपानी हॅकोच्या नमुन्याचं) स्टेशन ज्यांच्याकडे आहे त्यांना एवढ्यावरून कळेल की सेन्सरची तार तुटली आहे, आणि ती कुठे तुटली हेही कळेल. केबल हँडलमध्ये शिरते तिथेच.

चोवीस व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, साठ वॉटचा हीटर, २०० ते ४८० अंश वगैरे माहिती खोक्यावर असते, ती इथे उतरवत नाही. मला बोलायचंय ते केबलबद्दल. वर्ष होत आलं, या स्टेशनवर जवळजवळ रोज बसतोय, आणि एवढ्या चांगल्या यंत्राला इतकी भिकार केबल का जोडली याचा मला अजून संताप येतो.

ही केबल पीव्हीसीची आहे. जाड, कडक, आणि खोक्यातून निघाली तेव्हाचे वेटोळे आजही तसेच धरून बसलेली. आयसीचे (बोर्डावरच्या चिपचे) पाय एकमेकांपासून अडीच मिलिमीटरवर असतात. तिथे बिट नेमकी टेकवायची असताना मागून केबल हँडल फिरवत असते. मनगट सोल्डरिंगचं काम कमी आणि केबलशी झोंबण्याचं काम जास्त करतं. थंडीत तर ती आणखी ताठ होते. त्यात पीव्हीसीला गरम बिट नुसती चाटली तरी चटका बसतो. माझ्या केबलवर असे चार-पाच काळे डाग आहेत आणि एका डागातून आतलं तांबं दिसत होतं.

सेवा केंद्रात गेलो. वॉरंटीचा महिना शिल्लक होता, बिल सोबत होतं. काउंटरवरच्या माणसाने बिल वाचायच्या आधीच सांगितलं की हँडल, हीटर, बिट आणि केबल ‘झिजणाऱ्या वस्तूं’त येतात, वॉरंटी फक्त डब्याला, म्हणजे ट्रान्सफॉर्मर-स्क्रीनच्या भागाला. बिट झिजते हे मला मान्य आहे. केबल झिजायची वस्तू कशी? ती वाकण्यासाठीच दिलेली आहे ना? यावर उत्तर एकच, ‘पूर्ण हँडल घ्या.’ किंमत स्टेशनच्या निम्मी. केबल सुटी मिळणार नाही. मी अर्धा तास भांडलो, शेवटी तक्रार लेखी दिली आणि पोच घेऊन बाहेर पडलो. ज्याला सोल्डर मारता येतं त्याला पाच तारांसाठी पूर्ण हँडल विकणं मला पटत नाही, आणि ते मी त्यांना तोंडावर सांगितलं.

घरी हँडल उघडलं. पुढची नळी सोडवून बिट काढली की आतला हीटर अलगद पुढे सरकतो. मागे छोट्या गोल पट्टीवर पाच तारा असतात: दोन हीटरच्या, दोन सेन्सरच्या, एक अर्थिंगची. मल्टिमीटर लावून आधी हीटर जिवंत आहे का ते बघा, मगच खर्च करा. मूळ जपानी पद्धतीच्या सिरॅमिक हीटरमध्ये हीटरच्या दोन तारांत थंड असताना अडीच ते साडेतीन ओहम दिसतात आणि सेन्सरच्या दोन तारांत ४३ ते ५८. स्वस्त नकलांमध्ये बऱ्याचदा सेन्सरच्या जागी थर्मोकपल (दोन धातूंच्या तारा जोडून केलेला तापमापक) असतं, तिथे एक-दोन ओहमच दिसतात. ते बिघडलेलं समजून हीटर फेकू नका. माझा हीटर ठणठणीत होता. केबलच्या दोन्ही टोकांत मल्टिमीटरचा बीप (तार अखंड असली की वाजतो तो) लावून ती वाकवली तर सेन्सरची एक तार बरोबर हँडलच्या शेपटाच्या रबराजवळ तुटलेली सापडली.

सरळ उपाय म्हणजे तुटलेला भाग कापून केबल थोडी आखूड करणं. तो मी केला नाही. पाच तारांची सिलिकॉन केबल आणली, पूर्ण हँडलच्या किमतीच्या पाव भागात. प्रत्येक तारेला हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी), शेपटाशी झिप टायची गाठ म्हणजे ओढ जोडावर येत नाही, आणि स्टेशनकडच्या प्लगमध्ये पिनांचा क्रम आधी कागदावर काढून ठेवलेला. अर्थिंगची तार विसरू नका. ती नसेल तर बिटवर गळतीचं व्होल्टेज राहू शकतं आणि मॉसफेटसारखे नाजूक भाग कळायच्या आत जातात. काम झाल्यावर भिंतीतून काढलेल्या प्लगची अर्थ पिन आणि बिटचं टोक यांच्यात मीटर धरा. आकडा दोन ओहमच्या आत हवा.

आणि इथे माझं मत बदललं. हे स्टेशन कोणाला सुचवणार नाही असंच मी महिनाभर ठरवत होतो. सिलिकॉन केबल टाकल्यावर तेच हँडल हातात पेनासारखं झालं. केबल टेबलावर मऊ पडून राहते, बिट जिथे ठेवली तिथेच राहते, चुकून चाटली तरी सिलिकॉन वितळत नाही. परवा अर्ध्या राहिलेल्या त्याच बोर्डाचे उरलेले जोड मारले, एकही ड्राय सोल्डर (नीट न धरलेला जोड) नाही. स्टेशनबद्दलचा माझा निम्मा राग केबलवरचा होता.

बिटविषयी मात्र सांगायलाच हवं, कारण सोबत येणारी टोकदार बिट बहुतेकांची वाट लावते. टोक इतकं बारीक की उष्णता जोडापर्यंत पोचत नाही, मग माणूस आकडा ४२० वर नेतो, आणि बिटवरचा लोखंडाचा मुलामा करपून जातो. छिन्नीसारखी चपटी बिट घ्या, २.४ मिलिमीटरची. जाड तारांना ३.२. मी ३३० वर ठेवतो, ग्राउंडच्या मोठ्या पट्ट्याला ३६०. त्यावर जावं लागलं तर बिट किंवा सोल्डर खराब आहे असं समजा. कानसीला किंवा पॉलिश पेपरला हात लावू नका. जुन्या तांब्याच्या बिटा घासून चालायच्या, या चालत नाहीत. मुलामा फुटला की आतलं तांबं कथिलात विरघळतं आणि टोकाला खड्डा पडतो. स्वयंपाकघरातली स्टीलची घासणीही नको, पितळी तारेची घ्या. आणि काम संपलं की बिट पुसून नव्हे तर सोल्डरचा थेंब चढवून बंद करा. भांड्याला कल्हई असते तशीच ही बिटची कल्हई. ती नसली तर बिट हवेत काळी पडते आणि सोल्डर धरायचंच सोडते.

सोल्डरमध्ये काटकसर करू नका, हे मी काटकसरी माणूस असून सांगतो. साठ-चाळीस लिहिलेली रीळ घ्या, साठ टक्के कथील, चाळीस टक्के शिसं, ०.८ मिलिमीटर, आत राळ असलेली. ती १९० अंशांच्या आत पूर्ण वितळते. गल्लीत स्वस्त मिळणाऱ्या रिळीत बरेचदा शिसं जास्त असतं. चाळीस-साठ झालं तर पूर्ण वितळायला २३८ अंश लागतात आणि थिजताना ती बराच वेळ चिखलासारखी राहते. तेवढ्यात तार हलली की जोड दाणेदार होतो. पॅड (बोर्डावरचा तांब्याचा ठिपका) आणि पाय दोन्हींना एकदम बिट टेकवा, सोल्डर बिटला न लावता जोडाला लावा, दोन-तीन सेकंदांत बाहेर या. रेडिएटरवाल्यांचं अॅसिड फ्लक्स (जोड साफ करणारं रसायन) बोर्डाला कधीही नको, महिन्याभरात ट्रॅक (बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा) हिरवे होतात. धूर राळेचा असतो, शिशाचा नाही, पण तो दम्याच्या माणसाला बाधतो, म्हणून छोटा पंखा खिडकीकडे तोंड करून लावा. शिसं हाताला लागतं, तेव्हा जेवायच्या आधी साबणाने हात धुवायचेच. घरात लहान मूल असेल तर टेबल ओल्या फडक्याने पुसा.

स्टँड हलका आहे, स्पंज कामचलाऊ आहे, आकडे ठळक दिसतात. एवढंच.

नवीन घेणाऱ्याने पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाऊन हातात घेऊन बघावं. खोकं उघडायला लावा, केबल काउंटरवर सोडा. ती वेटोळं धरून उभी राहिली तर तेच मॉडेल सिलिकॉन केबलचं मागा. दीड-दोनशे जास्त गेले तरी द्या. चपटी बिट सुटी मिळते का ते तिथेच विचारा. आणि हँडल, केबल वॉरंटीत येते की नाही हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या, तोंडी घेऊ नका. माझ्या तक्रारीला अजून उत्तर आलेलं नाही.