स्टीलची पन्हळी गॅसनळी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

पाचपैकी साडेतीन तारे. कापलेला दीड तारा नळीसाठी नाही, पाकिटातल्या, आट्यांवर गुंडाळायच्या पिवळ्या टेपसाठी आहे.

नळी अर्धा इंची, चार फुटी, बाहेरून लेप दिलेली. दोन्ही टोकांना फ्लेअर नट, म्हणजे नळीचं पसरट तोंड आवळून धरणारे नट, सोबत पाइपाशी सांधायला दोन ॲडॉप्टर. ओव्हनवाल्या कुकिंग रेंजला जोडली आहे. परवा सफाईसाठी रेंज पुढे ओढल्यावर सांध्यांना साबणाचं पाणी लावलं, तर भिंतीकडच्या नटापाशी बारीक फुगे. भिंतीवरच्या गॅसपाइपाचा कॉक बंद करून नट सोडवला, तर त्याच्या आट्यांवर टेप गुंडाळलेली!

ॲडॉप्टरची दोन टोकं वेगवेगळ्या कामाची असतात. पाइपात जाणाऱ्या टोकाचे आटे निमुळते असतात आणि त्यांच्या फटीतून गॅस निसटू शकतो, म्हणून तिथे गॅससाठीची टेप किंवा पेस्ट हवीच. तोंडाकडून बघत घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं टेप गुंडाळायची, पहिले एक-दोन आटे मोकळे ठेवायचे. दुसरं टोक फ्लेअरचं. तिथे ४५ अंशांच्या शंकूवर नळीचं पसरट तोंड दाबून बसतं आणि धातूवर धातू टेकून गॅस अडतो. नटाचे आटे फक्त दाब देतात. त्यांच्यावर टेप आली की नट लवकर जड होतो, पुरेसा आवळल्यासारखा वाटतो, पण तोंड शंकूवर नीट बसलेलंच नसतं. टेपचा तुकडा आत गेला तर थेट बर्नरच्या जेटमध्ये, म्हणजे गॅस सोडणाऱ्या बारीक छिद्रात, अडकू शकतो. ‘फ्लेअरला टेप लावू नये’, एवढी एक ओळ माहितीपत्रकात छापायला काय हरकत होती? कंपनीला कळवलं, तर ‘टेप गॅससाठी योग्य आहे’ असं उत्तर आलं. विचारलं होतं ती कुठे लावायची हे.

टेप काढून तीच नळी पुन्हा आवळता आली असती. पण एकदा दाबलेलं तोंड दुसऱ्यांदा तसंच बसेल याचा भरवसा नाही आणि वाकवून सरळ केलेल्या पन्हळींना चिरा पडू शकतात. एरवी पै-पै वाचवणाऱ्यानंही इथे वाचवू नये. त्याच कंपनीची नवी नळी घेतली, कारण नळी खरंच चांगली आहे.

सुरुवातीला आणखी एक तारा कापला होता, तो परत देतो. पहिल्या दिवशी बर्नर जेमतेम पेटत होते आणि नळी सदोष वाटली होती. पण या नळीत जादा प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह आहे. कॉक झटकन उघडला की नळी तुटली असं समजून तो बंद होतो. कॉक बंद करून थोडं थांबायचं आणि सावकाश उघडायचा. मात्र बारीक गळती या व्हॉल्व्हला कळत नाही, त्यासाठी साबणाचं पाणीच हवं.

जोडताना दोन पाने (स्पॅनर) घ्या: एकानं ॲडॉप्टर धरायचा, दुसऱ्यानं नट फिरवायचा. नाहीतर पाइपातला सांधा सैल होतो. नट आधी हातानं पूर्ण बसवा, मग पान्यानं थोडाच आवळा. जोर लावला तर तोंड चिरतं. नटाच्या अगदी जवळ नळी वाकवू नका. दोन नळ्या एकमेकींना जोडून लांबी वाढवू नका. नळी भिंतीतून किंवा कपाटातून नेऊ नका. रेंज मागे ढकलताना तिचा पाय नळीवर येत नाही ना, ते वाकून बघा.

रेंज नैसर्गिक वायूची आणि पुरवठा एलपीजीचा असेल, तर नळी बदलून भागत नाही. जेट आणि रेग्युलेटरची मांडणी बदलावी लागते, नाहीतर ज्योत मोठी आणि पिवळी होते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

चाचणीच्या वेळी रेंजच्या सगळ्या चाव्या बंद आणि कॉक उघडा. कॉकचा दांडा पाइपाच्या रेषेत आला की उघडा, आडवा असला की बंद. साबणाच्या पाण्यात अमोनिया नको, तो पितळेला चिरा पाडतो. दोन्ही नट आणि दोन्ही ॲडॉप्टर चहूबाजूंनी भिजवा, एखादं मिनिट बघा, मग ओल्या फडक्यानं पुसा. काडी पेटवून गळती शोधायची नाही. नव्या नळीला या वेळी चारही सांध्यांवर एकही फुगा आला नाही.