टेलिकन्व्हर्टर घ्यावा, फोटो क्रॉप करावा की मोठी लेन्सच घ्यावी?

हिवाळ्यात धुपदाळच्या बंधाऱ्यामागे किंवा हिडकल धरणाच्या फुगवट्यावर पक्षी टिपायला गेलेले आपल्या बेळगाव सीमाभागातले छायाचित्रकार परत येतात तेव्हा त्यांची तक्रार बहुधा एकच असते: पक्षी फ्रेममध्ये आहे, पण हरभऱ्याच्या दाण्याएवढा. घटप्रभा पक्षी अभयारण्यात येणारे कांड्या करकोचे उघड्या जागी, माणसापासून भरपूर अंतर राखून उतरतात, आणि एरवी पुरेशी वाटणारी ३०० किंवा ४०० मिमीची लेन्स तिथे एकदम तोकडी पडते. अशा वेळी तीन वाटा समोर असतात. आहे त्या लेन्सला १.४एक्स टेलिकन्व्हर्टर जोडावा, आहे तो फोटो संगणकावर कापून (क्रॉप करून) मोठा करावा, किंवा पैसे साठवून १५०-६०० मिमीसारखी मोठी झूम लेन्स घ्यावी. निपाणीच्या एका शिक्षकमित्राने यंदा दिवाळीच्या सुमारास हाच प्रश्न विचारला. फोनवर दिलेले उत्तर फारच त्रोटक झाले, म्हणून इथे सविस्तर लिहीत आहे.

टेलिकन्व्हर्टर, म्हणजे बोलीतला टीसी, हा लेन्स आणि कॅमेरा यांच्या मध्ये बसणारा भिंगांचा छोटा संच असतो. लेन्सने तयार केलेल्या प्रतिमेचा मधला भाग तो फाकवून सेन्सरवर पसरतो. १.४एक्स टीसी ३०० मिमीची लेन्स ४२० मिमीची करतो आणि एफ/४ चे छिद्र एफ/५.६ करतो (एफचा आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान), म्हणजे एक स्टॉप, अर्थात निम्मा प्रकाश जातो. २एक्स टीसी तीच लेन्स ६०० मिमी एफ/८ करतो आणि दोन स्टॉप खातो. जे पसरते त्यात लेन्सचे दोषही आले. कडेला दिसणारी जांभळी किनार असो की उघड्या छिद्रावरचा मऊपणा, टीसी तो मिटवत नाही, मोठा करून दाखवतो.

येथे एक साधा भागाकार उपयोगी पडतो, आणि माझ्या मते खरेदीआधी प्रत्येकाने तो वहीत मांडून पाहावा. लेन्सच्या मिमीला एफच्या आकड्याने भागले की प्रकाश आत येण्याच्या वाटेचा व्यास मिळतो. ३०० भागिले ४ म्हणजे ७५ मिमी. टीसी लावल्यावर ४२० भागिले ५.६, म्हणजे पुन्हा ७५. व्यास तसूभरही वाढलेला नाही. पक्ष्याच्या अंगावरून निघून आपल्या कॅमेऱ्यात शिरणारा प्रकाश टीसीशिवाय जितका होता तितकाच आहे. तो फक्त अधिक पिक्सेलवर वाटला गेला आहे. याउलट १५०-६०० झूमची लांब बाजू ६०० भागिले ६.३, म्हणजे सुमारे ९५ मिमी भरते. ७५ आणि ९५ यांच्या वर्गांची तुलना केली तर ती लेन्स त्याच पक्ष्याकडून जवळजवळ १.६ पट प्रकाश गोळा करते. १००-४०० एफ/५.६ चा व्यास ७१ मिमी आणि ७०-२०० एफ/२.८ चाही ७१ मिमीच. म्हणून ७०-२०० ला २एक्स टीसी लावून जी ४०० एफ/५.६ तयार होते ती प्रकाशाच्या बाबतीत १००-४०० च्या पंक्तीत बसते, रेखीवपणात मात्र सहसा मागे राहते.

या हिशेबातून क्रॉपविषयीचा एक गैरसमजही निघून जातो. टीसीमुळे आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता, दुप्पट करावा लागतो, म्हणून चित्र दाणेदार होते, असे सर्रास सांगितले जाते. हे अर्धेच खरे आहे. टीसीशिवाय आयएसओ १६०० वर काढलेला फोटो कापून पक्षी तेवढाच मोठा केला, तर कापताना दाणेही मोठे होतात, आणि टीसीसह ३२०० वर काढलेल्या फोटोशेजारी ठेवल्यावर पक्ष्याच्या अंगावरचे दाणे जवळपास सारखेच दिसतात. हात हलल्याचा परिणामही असाच, कारण कापलेला फोटो तो हललेपणासुद्धा मोठा करतो. तेव्हा टीसी आणि क्रॉप यांतला खरा फरक प्रकाशाचा नसून बारकाव्याचा आहे. लेन्स जेवढा बारकावा देते तेवढा आपल्या सेन्सरला टिपता येत नसेल तर टीसी फायद्याचा. लेन्सच तेवढा देत नसेल तर टीसीने काही पदरात पडत नाही.

हे तपासायला जंगलात जावे लागत नाही. मी 'तरुण भारत'चे छोट्या जाहिरातींचे पान अंगणातल्या भिंतीवर ताणून चिकटवले, पंधरा मीटरवर ट्रायपॉड लावला आणि वीस मेगापिक्सेलच्या क्रॉप-सेन्सर (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ३०० एफ/४ ची लेन्स एकदा नुसती, एकदा १.४एक्ससह वापरली. नुसत्या लेन्सचा फोटो कापून अक्षरे सारख्या आकाराची केली, ज्यात वीसपैकी दहाच मेगापिक्सेल उरले. 'शेत विकणे आहे' वाचता येत होते, पण 'संपर्क'वरचा अनुस्वार शिरोरेषेला चिकटून तिथे नुसताच एक फुगवटा दिसत होता. टीसीच्या फोटोत अनुस्वार शिरोरेषेपासून सुटा झाला आणि 'र्क'चा रफारही ओळखू आला. फरक एवढाच, पण पक्ष्याच्या डोळ्याभोवतीच्या बारीक पिसांचा दर्जा याच फरकावर ठरतो. मग हौसेने १००-४०० झूमला २एक्स लावून तेच पान टिपले. अक्षरे भरपूर मोठी झाली, पण कडा ओल्या टीपकागदावरच्या शाईसारख्या पसरल्या, आणि नुसत्या झूमचा कापलेला फोटो त्याहून वाचनीय निघाला.

सेन्सर कोणता आहे यावरही बरेच अवलंबून आहे. २४ मेगापिक्सेलच्या फुलफ्रेम (मोठ्या, ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यात एक पिक्सेल साधारण ६ मायक्रॉनचा असतो. कापल्यावर त्याच्याजवळ बारा मेगापिक्सेल उरतात, म्हणून धारदार प्राइम (झूम नसलेली) लेन्स असणाऱ्या अशा माणसाला टीसीचा लाभ सर्वांत ठळक दिसतो. ४५ मेगापिक्सेलच्या फुलफ्रेममध्ये तोच पिक्सेल ४.३ मायक्रॉनच्या आसपास येतो, तर ३२ मेगापिक्सेलच्या क्रॉप-सेन्सरमध्ये ३.२ पर्यंत उतरतो. इतक्या बारीक पिक्सेलवर टीसी लावून एफ/११ गाठले तर विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश फाकल्यामुळे, त्याचा प्रत्येक ठिपकाच सुमारे १५ मायक्रॉन पसरतो, आणि अधिक पिक्सेल मिळूनही अधिक तपशील मिळत नाही. अशा कॅमेऱ्याचा मालक मी असतो तर क्रॉपच करीत राहिलो असतो.

आता टीसीसमोर १५०-६०० ठेवू. प्रकाशात आणि पल्ल्यात मोठी लेन्स जिंकते, हे भागाकाराने आधीच सांगितले. पण ती जवळजवळ दोन किलोची असते, आणि टीसी पाव किलोच्या आतबाहेर. खानापूरहून जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याकडे दिवसभर पायी हिंडायचे असेल तर दुपारनंतर खांद्याला हा फरक नेमका कळतो. मोटारीच्या खिडकीतून किंवा बंधाऱ्यावर एका जागी बसून फोटो काढणाऱ्याला त्याचे काही वाटणार नाही. दुसरी गोष्ट पैशांची. लेन्सच्याच कंपनीचा अस्सल टीसी स्वस्त नसतो, आणि जुन्या बाजारात चांगल्या अवस्थेतली वापरलेली १५०-६०० मिळाली तर टीसीच्या रकमेने तिच्या किमतीचा बराच वाटा भरून निघतो. ज्याची आजची लेन्स ७०-३०० सारखी साधी झूम आहे त्याच्यासाठी तर हा प्रश्नच उरत नाही. टीसीचे पुढचे भिंग बाहेर डोकावणारे असते आणि त्याला लेन्सच्या मागच्या बाजूस पोकळी लागते. बहुतेक साध्या झूमना ती नसल्यामुळे कंपनीचा टीसी त्यांच्यावर बसतच नाही. परक्या कंपनीचा एखादा बसवता येतो, पण मुळातल्या मऊ प्रतिमेला तो आणखी मऊ करतो.

जे बसतात त्यांच्याही अटी असतात. कॅननच्या आरएफ १००-५०० वर एक्स्टेंडर (कॅनन टीसीला हेच नाव देते) लावला की झूम ३०० मिमीच्या खाली येत नाही, म्हणजे १.४एक्ससह ती ४२० ते ७०० मिमी एवढीच चालते, आणि पूर्ण मिटत नसल्याने तशीच पिशवीत घालताही येत नाही. निकॉनच्या २००-५०० एफ/५.६ ला १.४एक्स लावला की टोकाला ७०० मिमी एफ/८ होते, आणि तिथून पुढे कॅमेऱ्याचा ऑटोफोकस काय म्हणतो ते निर्णायक ठरते. आरशाच्या अनेक डीएसएलआर कॅमेऱ्यांचा ऑटोफोकस एफ/५.६ पर्यंतच खात्रीने चालतो, काहींचे मधले मोजके बिंदू एफ/८ पर्यंत. आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांत ही मर्यादा बरीच सैल आहे आणि एफ/११ वरही फोकस मिळतो, मात्र कमी उजेडात तो चाचपडतो. कॅननचे ईएफ एक्स्टेंडर तर फोकसची मोटर मुद्दाम संथ चालवतात, १.४एक्सला निम्म्याने आणि २एक्सला तीन चतुर्थांशाने, जेणेकरून फोकस चुकू नये.

ही मर्यादा मी पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी एका दुकानदाराच्या 'सगळे चालते हो' या आश्वासनावर मी डीएसएलआरवरच्या १००-४०० साठी २एक्स घेतला. ४०० एफ/५.६ ची ८०० एफ/११ झाली हे मला बोटांवर मोजता आले असते, पण मोजले नाही. धुपदाळला पहाटे पोहोचलो, करकोच्यांचा थवा माथ्यावरून गेला, आणि कॅमेऱ्याने फोकस धरण्याचा प्रयत्नसुद्धा केला नाही. हाताने रिंग फिरवत जे काढले त्यात धड असा एकही फोटो नव्हता. शेजारी उभा असलेला मासेमारी करणारा गृहस्थ माझी धांदल पाहत होता. त्याने कन्नडमध्ये शांतपणे विचारले, 'सिक्तेनु?' म्हणजे, मिळाले का? मी मान हलवली, आणि त्याने ती कशी घेतली कोण जाणे.

जागेचा विचार केल्याशिवाय ही तुलना अपुरी राहील, कारण आपल्या भागात दोन अगदी वेगळे उजेड फार लांब न जाता मिळतात. हिडकल, धुपदाळ किंवा राकसकोपच्या पाण्यावर सकाळी लख्ख, मोकळा उजेड मिळतो आणि एफ/८ वरही शटरचा १/१६०० सेकंदाचा वेग सहज साधतो. टीसी वापरावा तर इथेच. मात्र ऊन चढू लागले की पाण्यावरची आणि नांगरलेल्या रानावरची हवा थरथरू लागते, आणि मग दोनशे मीटरवरचा पक्षी ६०० मिमीनेही उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखा दिसतो. फोटो मऊ आले म्हणून टीसीला दोष देणाऱ्यांपैकी कित्येकांचा खरा शत्रू ही हवा असते. तोच फोटो सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासात काढून पाहावा आणि मगच टीसी परत करण्याचा विचार करावा.

भीमगडच्या बाजूचे, किंवा पलीकडे दांडेली-गणेशगुडीचे जंगल याच्या अगदी उलट. तिथल्या छायेत मलबारी कर्णा बसलेला असतो तो दहा-पंधरा मीटरवर, पण अशा अंधारात की ३०० एफ/४ नेही १/१६० साठी आयएसओ ३२०० लागतो. पक्षी आधीच फ्रेममध्ये पुरेसा मोठा असतो, म्हणून क्रॉप करायची गरज नसते, आणि नेमके अशा वेळी टीसीने गेलेला स्टॉप खरोखरच वाया जातो. फोकसही फांद्यांमध्ये पुढेमागे धावत राहतो. जंगलात शिरताना मी टीसी काढून ठेवतो. फळांच्या झाडावर धनेश आले आणि वर आकाश मोकळे असले तर गोष्ट वेगळी. पण तेव्हा तो इतका मोठा पक्षी असतो की बहुधा ३०० मिमीच पुरते.

टीसीचा एक गुण फारसा कोणी मोजत नाही. तो लावल्यावर लेन्सचे कमीत कमी फोकसचे अंतर बदलत नाही. दीड मीटरवर फोकस होणारी लेन्स टीसीसहही दीड मीटरवरच फोकस होते, आणि विषय १.४ पट मोठा मिळतो. पावसाळा ओसरताना चोर्ल्याच्या रस्त्याकडेला घाणेरीवर येणारी फुलपाखरे, ओढ्यावरचे चतुर यांसाठी हे फार सोयीचे आहे, कारण १५०-६०० झूमना सहसा सव्वादोन ते पावणेतीन मीटर मागे सरावे लागते आणि अरुंद पायवाटेवर मागे सरायला जागा नसते. कर्नाटकाचे राज्य फुलपाखरू असलेल्या सदर्न बर्डविंगचे माझे सर्वांत समाधानकारक फोटो टीसीनेच मिळाले आहेत.

माझे मत असे आहे. ३०० एफ/४, ५०० एफ/५.६, ७०-२०० एफ/२.८ यांसारखी धारदार लेन्स आणि फार बारीक पिक्सेल नसलेला कॅमेरा असेल तर १.४एक्स जरूर घ्यावा. एफ/६.३ वर संपणारी मोठी झूम असेल तर टीसीसह ती एफ/९ होते. मिररलेस असेल तरच, आणि तेही भर उजेडासाठी, विचार करावा. साधी ७०-३०० असेल तर पैसे मोठ्या झूमसाठी साठवावेत. २एक्स हा ज्यांच्याकडे एफ/२.८ ची मोठी प्राइम आहे त्यांचा विषय. बाकीच्यांना क्रॉप स्वस्त पडतो आणि चांगलाही.

वापरलेला टीसी घेताना दोन्ही बाजूंची भिंगे मोबाइलच्या टॉर्चवर तिरकी धरून पाहावीत. खानापूर तालुक्यातल्या पावसात वापरलेल्या भिंगांवर बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे चढलेले असतात आणि समोरून पाहता ते दिसत नाहीत. मग दुकानातच आपल्या कॅमेऱ्यावर, आपल्याच लेन्सवर तो चढवून रस्त्यापलीकडच्या पाटीवर चार-सहा वेळा फोकस धरून पाहावा. धातूचे संपर्कबिंदू झिजले असतील तर एफचा आकडा पडद्यावर येता-जाता दिसेनासा होतो.