मुलांचे रेसिपी व्हिडिओ: गॅस बंद करताना कोणीच का दाखवत नाही?

(यूट्यूब किड्स हे मुलांचं अ‍ॅप काही महिने वापरल्यानंतर)

हे लिहायला कारण झाला आमचा मिक्सर. दहा वर्षांच्या नातीने टोमॅटो सूप करायला घेतलं. गॅस आजीने पेटवून दिला आणि फोन आला म्हणून ती बाहेर गेली. पोरीने उकळते टोमॅटो तसेच भांड्यात ओतले, झाकण दाबून बसवलं, बटण फिरवलं आणि चमचा घ्यायला वळली. वळली म्हणून चेहरा वाचला. झाकण उडून रस थेट ट्यूबलाइटपर्यंत गेला. दुरुस्तीवाल्याने भांडं हातात घेताच विचारलं, "आजोबा, गरम घातलं होतं ना?" त्याला जे न सांगता कळलं, ते व्हिडिओ करणाऱ्यांना सांगावंसं वाटलं नाही.

नात म्हणाली, "आबा, त्यात थांबायचं दाखवलंच नव्हतं." मी व्हिडिओ लावून बघितला. खरंच नव्हतं. पातेल्यात बुडबुडे, आणि पुढच्या क्षणी वाटीत गुळगुळीत सूप, वर क्रीमची नक्षी. मधली पंधरा-वीस मिनिटं गार करण्याची, ती कापून टाकलेली. गरम पदार्थ फिरवला की आत एकदम वाफ होते, हवा फुगते आणि वाट मिळेल तिकडून बाहेर पडते. वाट म्हणजे झाकण.

मी पिंपरीच्या एका कारखान्यात सुरक्षा विभागात होतो. आमच्याकडे नवीन माणसाला मशीन चालू करण्याआधी बंद करायला शिकवत. त्यामुळे हे व्हिडिओ बघताना माझी नजर पदार्थावर कमी आणि गॅसच्या नॉबवर जास्त असते. सौ. म्हणते हे वेड आहे. असेल.

आता अ‍ॅपबद्दल. यूट्यूब किड्समधले वयोगट, टायमर, सर्च बंद करण्याची सोय हे सगळ्यांना माहीत आहे, त्यात जात नाही. आम्ही ९ ते १२चा गट लावला होता. सुरुवातीला माझा समज असा की 'मुलांसाठी बनवलेला' असा शिक्का म्हणजे कोणीतरी बसून तपासलं असणार. पण शिक्क्याचा उगम वेगळा आहे. मुलांची माहिती जाहिरातींसाठी गोळा केली म्हणून अमेरिकेत २०१९ मध्ये गूगल-यूट्यूबला १७ कोटी डॉलर भरावे लागले, आणि त्यानंतर प्रत्येक व्हिडिओ मुलांसाठी आहे की नाही हे सांगणं अपलोड करणाऱ्याच्या गळ्यात पडलं. म्हणजे मूळ भानगड माहितीच्या गोपनीयतेची. सुरी, तेल, वाफ यांचा त्यात संबंध नाही.

शिवाय असा शिक्का असला की व्हिडिओखालच्या कॉमेंट बंद. मुलांच्या दृष्टीने बरंच आहे ते. पण मोठ्यांच्या रेसिपीखाली कोणीतरी काकू हमखास लिहून जातात, "ताई, गार झाल्यावर फिरवा, माझं झाकण उडालं." मुलांच्या व्हिडिओखाली त्या काकूंना जागाच नाही.

आणखी एक गंमत. मुलांच्या या अ‍ॅपवर खाण्यापिण्याच्या पदार्थांच्या जाहिरातींना मनाई आहे. उत्तम. पण रेसिपीच 'दोन पुडे क्रीम बिस्किटं, एक डबा कंडेन्स्ड मिल्क आणि चीजचा आख्खा ठोकळा' अशी असेल तर वेगळी जाहिरात हवी कशाला? पैसे आमच्याच खिशातून जातात. ४०० ग्रॅमच्या डब्यातलं अर्धं कंडेन्स्ड मिल्क फ्रिजमध्ये पडून राहतं आणि शेवटी मीच चहात घालून संपवतो. ब्रेडच्या कडा तर सगळे बिनदिक्कत कापून टाकतात. आमच्याकडे त्याचा उपमा होतो.

पुन्हा गॅसकडे येतो. पॅनकेक उलटला, ताटलीत आला, वर मध ओतला, मुलगी कॅमेऱ्याकडे बघून हसली. गॅस? चालूच असणार, कारण बंद करणारा हात दिसत नाही. पुऱ्या तळल्या, तेच. पास्ता गाळला, तेच. सौ.चं म्हणणं, बंद करायचाच असतो, त्यात दाखवायचं काय. अगं, दहा वर्षांच्या मुलीला जे दिसतं तेच करायचं असतं! ज्योत उतू गेलेल्या दुधाने विझली आणि नॉब उघडाच राहिला, तर तो गॅस वर उडून जात नाही. हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. आणि नुसती ज्योत जळत राहिली तरी १४.२ किलोचं सिलिंडर काही फुकट येत नाही.

म्हणून मध्यंतरी मी 'विना अग्नी' रेसिप्यांवर भिस्त ठेवली. शाळेत स्पर्धाही त्याच्याच असतात. फक्त आपण निवडलेलंच दिसेल अशी सोय करून तेवढे व्हिडिओ तिला लावून दिले. महिन्याभरात मत बदललं. आग नाही म्हणून सगळे बेफिकीर. डब्याच्या पत्र्याची धार, मोठी सुरी, ब्लेंडर, सगळं खुशाल. आणि मायक्रोवेव्ह यांच्या हिशेबी 'अग्नी'त मोडतच नाही. त्यात साखरेचं कॅरमल करायला सांगणारा एक महाभाग सापडला. उकळतं पाणी १०० अंशांचं, कॅरमल १६०च्या वर, शिवाय ते कातडीला चिकटून बसतं. भाजलंच तर वीसेक मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली धरायचं, टूथपेस्ट लावायची नाही, हे एकाही व्हिडिओत ऐकलं नाही.

गंमत म्हणजे सुरक्षा मला सापडली मोठ्यांच्या, लांबलचक, काहीशा कंटाळवाण्या मराठी व्हिडिओंत. २००९ पासून चालू असलेल्या मधुराज रेसिपीपासून ते गावाकडच्या चुलीवरच्या काकूंपर्यंत. "गॅस बारीक करा", "आता गॅस बंद करून झाकण ठेवा, वाफ जिरू द्या" ही वाक्यं चव बिघडू नये म्हणूनच असतात, पण काम तेच होतं. चुलीला नॉब नसतो, तरी त्या काकू शेवटी जळकी लाकडं मागे ओढून घेतात. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी सौ.ला हाक मारून दाखवलं. काम संपल्यावर नीट बंद करणं, कारखान्यात ज्याला शटडाऊन म्हणतात, तो हाच.

हे व्हिडिओ मुलांसाठी म्हणून केलेले नाहीत, त्यामुळे ते टीव्हीवर लावून मी शेजारी बसतो. नातीला कंटाळा येतो. "आबा, पुढे ढकला ना." ढकलत नाही. गेल्या रविवारी तिने मुगाचं धिरडं केलं, नॉब फिरवला आणि मोठ्याने "बंद!" म्हणाली. माझी टिंगल होती ती, पण बंद केला.

लहान वयोगटातले व्हिडिओ धाकट्यासाठी चालू ठेवलेत. त्यात प्लॅस्टिकच्या भाज्या कापतात, कापू देत. ९ ते १२च्या गटाला पाचपैकी दोन. सूनबाईंनी आग्रह केला म्हणून अडीच. मिक्सरच्या नव्या भांड्याचे पैसे मात्र मीच दिले, ते यात धरलेले नाहीत.